उन्हाळ्याचा खुराक थंडीतच ठरवा
शहापूर-मुरबाडच्या जनावर व्यापाऱ्यांसाठी पेंड, कोंडा आणि पेंढ्याचा हिशेब

भातसानगर, शहापूर, मुरबाड या पट्ट्यात दिवाळीनंतर भाताची झोडणी आटोपते, वरकस जमिनीवरचे गवत कापून होते आणि घरोघरी पेंढ्याच्या गंज्या उभ्या राहतात. चारा भरपूर दिसतो. तरीही पौष-माघापासून जनावर उतरू लागते आणि चैत्रात त्याच्या बरगड्या मोजता येतात. आपल्याकडची थंडी जनावराला त्रास देण्याइतकी कडक नसते. खरा प्रश्न चाऱ्याच्या प्रतीचा आहे. त्यामुळे वरचा खुराक कोणता द्यायचा, किती द्यायचा आणि कोणत्या भावापर्यंत तो परवडतो, हे थंडीतच ठरवावे लागते.

कोणत्या जनावराचा धंदा?

प्रथम कायद्याची गोष्ट. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम १९७६ चा आहे. गायीच्या कत्तलीला त्यात आधीपासून मनाई होती. १९९५ साली विधिमंडळाने मंजूर केलेली दुरुस्ती मार्च २०१५ मध्ये अमलात आली आणि बैल व वळू यांनाही ही बंदी लागू झाली. म्हणून आज मांसासाठी जनावर पोसायचे तर ते म्हैसवर्गातले किंवा बकरे-मेंढरेच. म्हशी व रेडकांच्या बाबतीत सक्षम अधिकाऱ्याचा दाखला आणि वाहतुकीची कागदपत्रे हवीत. बैल पोसायचा तो शेतकामासाठी किंवा शेतकऱ्याला विकण्यासाठी. पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हशाच्या यात्रेत धडधाकट बैलाची किंमत वेगळी होते, हे मुरबाडकरांना सांगायला नको.

आता हंगाम पाहा. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२३ मध्ये ती २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जूनला, २०२५ मध्ये ७ जूनला. पुढची काही वर्षे ती मे आणि मग एप्रिलमध्ये येणार. म्हणजे बकरा तयार करण्याचे शेवटचे तीन-चार महिने नेमके कोरड्या चाऱ्याचे आहेत. ईद पावसाळ्यानंतर येत होती तेव्हा बकरा रानातल्या हिरव्या पाल्यावर तयार होई. आता तो विकतच्या खुराकावर तयार करावा लागतो. नफा राहील की जाईल, ते इथे ठरते.

पेंढ्यात काय कमी?

भाताच्या पेंढ्यात प्रथिने फक्त ३ ते ४ टक्के असतात. उशिरा, पिकून वाळल्यावर कापलेल्या डोंगरी गवताचीही तीच गत. जनावराच्या पोटात चारा कुजवणारे सूक्ष्म जंतू असतात. त्यांना एकूण खाद्यात किमान ७ टक्के प्रथिने लागतात. त्यापेक्षा कमी मिळाली की पेंढा पचायला वेळ लागतो, पोट भरलेले राहते आणि जनावर खाणेच कमी करते. म्हणून नुसता पेंढा वाढवून उपयोग नाही. थोडी प्रथिने दिली की तोच पेंढा जास्त खाल्ला जातो आणि अंगी लागतो. शिवाय पेंढ्यातील ऑक्झलेट चुना बांधून ठेवते. म्हणून खनिज मिश्रण आणि मीठ रोजच्या रोज द्यावे.

विकत घेण्याआधी घरचे पाहावे. भातानंतर ओलाव्यावर घेतलेल्या वालाचा आणि हरभऱ्याचा भुसा पेंढ्यापेक्षा सरस असतो. तो शेतात जाळू नये, बकऱ्यांसाठी राखून ठेवावा. शेवरीचा पाला उत्तम. सुबाभूळही चांगली, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक नको, कारण तिच्यातील मिमोसीन जास्त झाले तर केस गळतात आणि जनावर खंगते. कालव्याचे पाणी मिळत असेल तर चार-पाच गुंठे हिरव्या वैरणीला द्यावे.

भाव पोत्याचा नव्हे, प्रथिनांचा पाहा

पेंड घेताना बहुतेकजण पोत्याचा भाव विचारतात. हिशेब मात्र एक किलो प्रथिने कितीला पडली याचा असावा. समजा सरकी पेंड ३६ रुपये किलो आहे आणि तिच्यात २२ टक्के प्रथिने आहेत. एक किलो प्रथिने सुमारे १६४ रुपयांना पडली. शेंगदाणा पेंड ५० रुपये किलो आणि प्रथिने ४० टक्के धरली, तर तेच १२५ रुपयांना. २८ रुपयांची तूरचुनी १६ टक्क्यांची असेल तर १७५ रुपयांना. पोत्याला महाग दिसणारी पेंड इथे स्वस्त ठरली. आपल्या बाजारातला त्या दिवसाचा भाव घालून हाच भागाकार करावा.

प्रत्येक मालाची खोड वेगळी असते. शेंगदाणा पेंड दमट जागेत बुरशी धरते आणि त्या बुरशीचे विष जनावराच्या यकृतावर बसते. म्हणून पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत, काळी पडलेली किंवा कुबट वासाची पेंड परत करावी. सरकीत गॉसिपॉल असते. मोठ्या जनावराला ते फारसे बाधत नाही, पण लहान रेडकांना सरकी देऊ नये.

भाताचा कोंडा आपल्याकडे गिरणीवर सहज मिळतो. चांगल्या कोंड्यात प्रथिने १२ ते १४ टक्के आणि तेल भरपूर असते. त्याच तेलामुळे तो थोड्याच आठवड्यांत खवट होतो, म्हणून साठा करू नये. जुन्या हलर गिरणीत तूस आणि कोंडा एकत्र पडतात आणि तुसात जनावराच्या कामाचे काही नसते. पारख सोपी आहे. मूठभर कोंडा पाण्याच्या तांब्यात टाका, तूस वर तरंगेल. तरंग जास्त असेल तर भाव पाडा, नाहीतर सोडून द्या. तयार पशुखाद्याच्या पोत्यावर प्रथिने, स्निग्धांश, तंतू आणि वाळूचे प्रमाण छापलेले असते. ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

युरिया प्रक्रिया

म्हैसवर्गासाठी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया. १०० किलो कोरड्या पेंढ्याला ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थर लावत शिंपावा, तुडवून दाबावा आणि प्लास्टिकने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवावा. पेंढा मऊ होतो आणि त्यातील प्रथिने जवळपास दुप्पट होतात. खायला देण्याआधी तासभर पसरून वास जाऊ द्यावा. सहा महिन्यांखालील रेडकांना आणि घोड्याला तो देऊ नये. युरिया कधीही पाण्यातून किंवा नुसता खाद्यात मिसळून देऊ नये. त्यात जनावर तासाभरात दगावते. गोठ्यात युरियाचे पोते उघडे ठेवू नये.

बकऱ्याचा ताळेबंद

२५ किलोच्या बकऱ्याला दिवसाला साधारण एक किलो कोरडे खाद्य लागते. त्यात २५० ते ३०० ग्रॅम खुराक पुरे. समजा रोज ३०० ग्रॅम दिला, तर १०० दिवसांत ३० किलो झाला. ३० रुपये दराने खर्च ९०० रुपये. जिवंत वजनाचा भाव ४०० रुपये किलो धरला, तर निव्वळ खुराकामुळे सव्वादोन किलो वजन वाढले तेव्हा कुठे खर्च निघाला. पाच किलो वाढले तर २००० रुपये आले, दोनच किलो वाढले तर १०० रुपये अंगावर. म्हणून दर पंधरा दिवसांनी काट्यावर वजन करा. वाढत नसलेल्या बकऱ्याला आधी जंताचे औषध द्या आणि तरीही वाढला नाही तर वेळेवर विका.

खुराक एकदम वाढवू नये. दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावा. एकाएकी धान्य दिल्याने पोटात आम्ल वाढते, आंत्रविषाराने धष्टपुष्ट बकराच आधी मरतो. त्याची लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून आधीच टोचून घ्यावी. नुसत्या कोंड्या-चोकरावर पोसलेल्या नराला, विशेषतः खच्ची केलेल्याला, मुतखडा होतो. खाद्यात चुन्याची भर, थोडे मीठ आणि भरपूर स्वच्छ पाणी हा त्यावर उपाय आहे. ईदेच्या तोंडावर लघवी तुंबलेला बकरा म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

खरेदीची वेळ साधावी. कापसाचा हंगाम सुरू झाला की सरकीची आवक वाढते. पेंड टिकते, तेव्हा चार-पाच जणांनी मिळून एक गाडी उतरवली तर भाडे आणि दलाली दोन्ही वाचतात. कोंडा मात्र लागेल तसाच आणावा. आणि वहीत प्रत्येक जनावराच्या नावे तीन आकडे लिहावेत: खरेदीची किंमत, खुराकाचा खर्च, पंधरवड्याचे वजन. विकायचे कधी, हे त्या तीन आकड्यांवरून कळते.