अचूक, पण कोणत्या तारखेला?

ब्रिटनमध्ये रेल्वेच्या मॉडेलांचा छंद जुना आहे आणि गिऱ्हाईक कमालीचे चिकित्सक. हॉर्नबी किंवा बाकमन कंपनीने नव्या इंजिनाची घोषणा केली की पहिल्या छायाचित्रापासूनच छाननी सुरू होते. धुराड्याची उंची बरोबर आहे का, रिवेटांच्या रांगा पुऱ्या आहेत का, हिरवा रंग जरा जास्तच पिवळसर झाला आहे का? ‘मॉडेल अचूक आहे की नाही’ यावर महिनोन्‌महिने वाद चालतो. पण नुसते एवढे विचारून भागत नाही. चाळीस वर्षे रुळांवर राबलेले इंजिन जन्मभर एकाच रूपात राहत नाही. कारखान्यात दुरुस्तीला गेले की त्याचा बॉयलर बदलतो, क्रमांक बदलतो, रंग बदलतो. तेव्हा अचूकतेआधी तारीख ठरवावी लागते.

‘फ्लाइंग स्कॉट्समन’चेच पाहा. नायजेल ग्रेस्ली यांच्या आराखड्यावरून बांधलेले हे इंजिन फेब्रुवारी १९२३ मध्ये डॉनकॅस्टरच्या कारखान्यातून बाहेर पडले, ते १४७२ या क्रमांकाने. १९२४ मध्ये वेम्ब्लीच्या प्रदर्शनात ते मांडले गेले, तेव्हा त्यावर ४४७२ हा क्रमांक आणि सफरचंदी हिरवा रंग होता. १९२८ मध्ये लंडन ते एडिंबरा हे ६३१ किलोमीटर विनाथांबा धावण्यासाठी त्याला वेगळे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा जोडडबा, जोडले गेले. धावत्या गाडीत चालकांची पाळी बदलता यावी म्हणून या टेंडरमधून जायला बोळ ठेवला होता. महायुद्धात अंगावर काळा रंग चढला. १९४६ मध्ये क्रमांक आधी ५०२ आणि मग १०३ झाला. १९४७ मध्ये जास्त दाबाचा बॉयलर बसला आणि मूळचे ‘ए-१’ वर्गातले इंजिन ‘ए-३’ वर्गात गेले. राष्ट्रीयीकरणानंतर क्रमांक झाला ६०१०३. मग काही काळ निळा रंग होता आणि पुढे गडद हिरवा आला. १९५९ च्या सुरुवातीला दुहेरी धुराडे बसले. त्याने धूर खाली रेंगाळून चालकाची नजर अडू लागली, म्हणून १९६१ च्या अखेरीस बॉयलरच्या दोन्ही बाजूंना जर्मन धर्तीचे उभे पत्रे लागले. १९६३ च्या जानेवारीत इंजिन सेवेतून निवृत्त झाले.

आता सफरचंदी हिरवा रंग, ४४७२ क्रमांक, दुहेरी धुराडे आणि धुराचे पत्रे असे मॉडेल कोणी काढले, तर ते चूक की बरोबर? निवृत्तीपूर्वीच्या चाळीस वर्षांत हे चार एकत्र कधीच नव्हते. जाणकार लगेच नाक मुरडेल. पण जतन झालेले हेच इंजिन एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नेमक्या याच अवतारात पर्यटकांच्या गाड्या ओढत होते. १९३४ चा देखावा मांडणाऱ्यासाठी हे मॉडेल साफ चुकीचे ठरेल, तर २००३ चा देखावा मांडणाऱ्यासाठी बिनचूक.

मग कंपन्या असे पेच का ओढवून घेतात? उत्तर साच्यात आहे. प्लॅस्टिकचे मॉडेल ओतण्यासाठी लागणारा पोलादी साचा हा या धंद्यातला सगळ्यात मोठा खर्च. एकदा साचा तयार झाला की त्यातून निघालेल्या सांगाड्यावर वेगळा रंग आणि वेगळा क्रमांक छापणे त्यामानाने स्वस्त पडते. म्हणून एका साच्यातून जितक्या रंगसंगती विकता येतील तितक्या विकायच्या, हे उघड गणित आहे. चांगली कंपनी आराखड्याच्या वेळीच धुराडे, घुमट, चालकाची केबिन, टेंडर असे भाग सुटे ठेवते आणि रंगाबरोबर तेही बदलते. हात आखडता घेणारी कंपनी नुसता रंग बदलते. तिथेच १९५० चा निळा रंग १९६२ च्या सांगाड्यावर चढतो.

खुणा कधी फारच बारीक असतात. ब्रिटिश रेल्वेने १९५६ मध्ये नवे चिन्ह घेतले: मुकुटातून वर आलेला, पंजात चाक धरलेला सिंह. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना सिंहाचे तोंड पुढेच असावे, म्हणून उजव्या बाजूसाठी त्याची उलटी आवृत्ती केली गेली. राजचिन्हांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने हरकत घेतली की मंजूर झालेला सिंह डावीकडेच पाहतो. पुढे दोन्ही बाजूंना डावीकडे पाहणारा सिंह आला. त्यामुळे उजवीकडे पाहणारा सिंह मॉडेलवर दिसला, तर तो छपाईतला दोष समजू नये. ती पन्नाशीच्या दशकाच्या अखेरची खूण आहे.

रंगाची छटा हे तर याहून अवघड प्रकरण. जुन्या काळातला पुरावा म्हणजे कृष्णधवल छायाचित्रे, आणि त्या काळी सर्रास वापरली जाणारी फिल्म लाल रंगाला दाद देत नसे. लाल डबा त्यात काळपट दिसतो, निळा फिकट. त्यात भर म्हणजे कारखान्यातून निघालेल्या नव्या इंजिनाचे अधिकृत छायाचित्र स्पष्ट यावे म्हणून ते खास करड्या रंगात रंगवण्याची पद्धत होती. तो रंग घेऊन इंजिन सहसा गाडीला लागत नसे. खऱ्या रंगाचा जुना नमुना सापडला तरी प्रश्न मिटत नाही. उन्हात उभ्या मोठ्या इंजिनावरचा रंग घरातल्या दिव्याखाली वीतभर मॉडेलवर जास्त गडद वाटतो, म्हणून काही कारागीर मुद्दाम किंचित उजळ छटा घेतात. मोजून बरोबर की दिसायला बरोबर, यातले एक निवडावेच लागते.

अलीकडे लेझर स्कॅनिंगने मोजमापांचा घोळ बराच मिटवला. संग्रहालयातल्या इंजिनाचे लाखो बिंदू टिपून संगणकावर त्याची प्रतिकृती उभी राहते. पण यंत्र आजचे इंजिन मोजते. जतन करताना बसवलेल्या नळ्या, आजच्या सुरक्षा नियमांसाठी जोडलेली उपकरणे, कधीतरी बदललेला बॉयलर, हे सगळे त्यात येते. जुने नकाशे आणि तारीखवार छायाचित्रे घेऊन त्यातले नको ते वगळणारा अभ्यासक लागतोच.

गंमत म्हणजे रिवेट मोजणारी ही मंडळी रुळांच्या बाबतीत एक मोठी तडजोड मुकाट्याने पचवतात. ब्रिटनमधल्या लोकप्रिय ‘डबल ओ’ पद्धतीत इंजिन १:७६ प्रमाणात असते. त्या हिशेबाने १४३५ मिलिमीटरचे रूळ १८.८३ मिलिमीटर रुंद हवेत. प्रत्यक्षात ते १६.५ असतात, म्हणजे खऱ्या मापात जवळजवळ सात इंच अरुंद. ब्रिटिश इंजिने अंगाने लहान. शंभर वर्षांपूर्वीच्या विजेच्या मोटारी त्यांच्या मॉडेलांच्या छोट्या सांगाड्यात मावेनात, म्हणून सांगाडा थोडा मोठा केला आणि रूळ १६.५ चेच ठेवले. ती सोय कायमची झाली. अचूकता कुठे हवी आणि कुठे नको, हे छंदाने कधीच ठरवून टाकले आहे.

आपल्याकडे हा पेच आणखी घट्ट आहे. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. १:८७ या दुसऱ्या प्रचलित प्रमाणात ते १९.२ मिलिमीटरच्या आसपास यायला हवे, पण बाजारात तयार मिळतो तो १६.५ चाच रूळ. पुण्यातल्या जोशी रेल्वे म्युझियममध्ये छोट्या गाड्या पाहून ‘आपली डेक्कन क्वीन करावी’ असे कोणाला वाटले, तर रुळांइतकाच रंगाचाही विचार करावा लागेल. १ जून १९३० ला गाडी सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांचे दोन रेक होते: एक रुपेरी, त्यावर लाल पट्ट्या, दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. १९६६ मध्ये पेरांबूरच्या कारखान्यातले पोलादी डबे आले. अनेकांच्या आठवणीतली निळी-पांढरट, लाल पट्ट्याची गाडी नंतरची. २०२२ मध्ये एलएचबी या नव्या बनावटीचे डबे आले आणि रंगही बदलला. पेरांबूरच्या डब्यावर रुपेरी रंग चढवला, तर ती गाडी कोणत्याच वर्षाची राहणार नाही.

गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी ब्रिटिश कंपन्या मॉडेलवर ‘कालखंड’ क्रमांक टाकतात. तिसरा कालखंड १९२३ ते १९४७, चौथा १९४८ ते १९५६, पाचवा १९५७ ते १९६६. पण एकट्या तिसऱ्या कालखंडातच ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ने चार क्रमांक, दोन रंग आणि दोन बॉयलर पाहिले. म्हणून अनुभवी छांदिष्ट आधी आपल्या देखाव्याचे वर्ष पक्के करतो, त्या वर्षाचे त्या इंजिनाचे छायाचित्र शोधतो आणि मगच दुकानात जातो. छायाचित्र हाती असले की कंपनीची जाहिरात काय म्हणते, याने फारसा फरक पडत नाही.