मोकाट कुत्रीं व धर्मादाय संस्था

मुंबईस १८३२ सालीं मोकाट कुत्रीं मारण्यावरून दंगा झाला. पुढें १८३४ त सर जमशेटजी जिजीभाई प्रभृतींनीं पांजरपोळ काढला. हल्लींच्या संस्था कुत्रीं कायमचीं कोंडीत नाहींत; निर्बीजीकरण करून, रेबीजची लस टोंचून, कानाला खूण करून बहुधा मूळ जागीं सोडितात. हें सोडणेंच बेसा येथील आम्हां कास्तकारांस खटकतें. परंतु उकिरडा तसाच ठेविल्यास रिकाम्या जागीं लस न टोंचलेलीं परकीं कुत्रीं शिरतात. शेंकडा ७० कुत्र्यांस लस मिळाली म्हणजे रोगाची सांखळी तुटते. पिसाळलेलें कुत्रें बैलालाही सोडीत नाहीं, आणि लक्षणें दिसल्यावर माणूस वांचणें जवळजवळ अशक्य. चावा होतांच जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं १५ मिनिटें धुवावी. हळदचुना न लावितां तडक दवाखाना गांठावा.