वर्तन ते गुन्हा : पळसदेव परिसरातील वाळूउपशाच्या संदर्भात

गुन्हा म्हणजे काय, या प्रश्नाला भारतीय दंड संहितेने १८६० साली दिलेले उत्तर मोठे सावध होते. या संहितेने शिक्षापात्र ठरविलेले कृत्य म्हणजे अपराध, असे कलम ४० सांगत असे. कृत्याच्या बरेवाईटपणाविषयी त्यात शब्दही नव्हता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही व्याख्येचा तोच साचा ठेवला आहे. खून किंवा दरोडा ही कृत्ये कायदा नसतानाही समाजाने निंद्यच मानली असती. परंतु कायद्याच्या पुस्तकातील कितीतरी गुन्हे केवळ निषेधामुळे गुन्हे झालेले आहेत. नित्याचे वर्तन या दुसऱ्या वर्गात कसे जाऊन पडते, हे पाहण्यास इंदापूर तालुक्यातील पळसदेवचा भीमाकाठ उपयुक्त आहे.

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. जुने पळसदेव गाव त्याच्या जलाशयात गेले व ग्रामस्थांचे पुनर्वसन पुणे-सोलापूर महामार्गालगत झाले. उन्हाळ्यात पाणी पुरेसे ओसरले की पळसनाथाचे जुने मंदिर पुन्हा दिसू लागते. त्याच ओसरलेल्या पात्रातून आणि फुगवट्याच्या पाण्याखालून वाळू निघते. घर बांधताना नदीतून गाडीभर वाळू आणणे ही खेड्यातील सर्वसामान्य रीत होती. त्यात चोरी आहे असे कोणास वाटत नसे.

कायद्याच्या दृष्टीने पहिला प्रश्न मालकीचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार नदीपात्रे शासनाची आहेत आणि शासनाच्या जमिनीतील खनिजांवरील हक्कही शासनाचा आहे. धरणासाठी संपादित झालेली जमीनही शासनाचीच. पूर्वी ज्यांची शेते तेथे होती त्यांची मुले आज तेथील वाळू उचलतील, तर ती परक्याची मालमत्ता ठरते. खाण व खनिजे (विकास व नियमन) अधिनियम, १९५७ ने साध्या वाळूची गणना गौण खनिजांत करून तिच्या नियमनाचा अधिकार राज्यांकडे दिला. परवान्याविना केलेला उपसा हा तेव्हा व्यवहारात मुख्यतः बुडालेल्या स्वामित्वधनाचा, म्हणजे महसुलाचा, प्रश्न होता. तहसीलदाराने दंड आकारावा, तो भरला जावा आणि प्रकरण मिटावे, अशी त्याची प्रकृती होती. संहितेच्या कलम ४८(७) मधील दंड पुढे वाढत जाऊन बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत गेला, तरी तो दंडच राहिला.

मग शहरे वाढली, काँक्रीटची मागणी वाढली आणि फावड्याची जागा बोटीवरील उपसा-यंत्राने घेतली. वाळू पाणी धरून ठेवते; ती गेल्यावर पात्र खोल जाते आणि काठच्या विहिरींवर परिणाम होतो. हानी खरी होती, आणि कायद्याची भाषा बदलण्यास तिने नैतिक आधार दिला. १९९९ च्या दुरुस्तीने अवैध वाहतूक आणि साठाही निषिद्ध केला. २०१२ मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रातील गौण खनिजांसाठीही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली. २०१५ मध्ये केंद्रीय कायद्यातील कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली.

खरे वळण मात्र संसदेने नव्हे, न्यायालयाने दिले. १९५७ च्या अधिनियमातील कलम २२ नुसार प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीविना न्यायालयास अपराधाची दखल घेता येत नाही. त्यामुळे पोलिसांनी परस्पर गुन्हा नोंदवावा की नाही, याविषयी उच्च न्यायालयांत मतभेद होते. ४ सप्टेंबर २०१४ रोजी दिल्ली राज्य विरुद्ध संजय या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, परवान्याविना खनन आणि शासनाच्या ताब्यातील वाळू अप्रामाणिकपणे नेणे हे दोन वेगळे अपराध असून दुसरा दंड संहितेखालील चोरी आहे. चोरीच्या व्याख्येतील एक बारकावा येथे महत्त्वाचा ठरतो. जमिनीशी संलग्न वस्तू चोरीचा विषय होत नाही. ती जमिनीपासून अलग होताच होते. म्हणजे वाळू पात्रात असेतो तिची चोरी संभवत नाही, पाटीत पडल्यावर संभवते. कृत्य तेच राहिले. ‘विनापरवाना’ या शब्दाऐवजी त्याला ‘चोरी’ हा शब्द लागला आणि महसूल कार्यालयाबरोबर पोलीस ठाणेही त्यात आले. चोरी हा शब्द समाजात ज्या अर्थाने ऐकला जातो, त्याचा भार प्रायः बोटीवर किंवा ट्रॅक्टरवर सापडलेल्या मजुरावर पडतो. वाळूचा खरा व्यापारी त्या वेळी पात्रात क्वचितच असतो.

गंमत अशी की, २०२३ च्या धोरणानुसार राज्य शासनाने डेपोंवरून ६०० रुपये ब्रास दराने वाळू विकण्याचे ठरविले होते. पात्रातून वाळू काढणे हे वर्तन म्हणून तेथेही तेच होते. फरक अनुमतीचा होता.

या प्रक्रियेतील शेवटची पायरी अधिक गंभीर आहे. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले इत्यादींच्या धोकादायक कृत्यांस आळा घालणाऱ्या १९८१ च्या महाराष्ट्र अधिनियमात पुढे ‘वाळू तस्कर’ हा वर्ग समाविष्ट झाला. त्याखाली दोषसिद्धीविना बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येते. येथे कायद्याचे लक्ष कृत्यावरून व्यक्तीवर सरकते. ही दृष्टी या भागाला नवी नाही. संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानला लागू झालेल्या १९११ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने जन्मावरूनच गुन्हेगार ठरविले, आणि त्याखालील तारेच्या कुंपणाची वसाहत शेजारच्या सोलापुरात होती. वाळू तस्कराची व्याख्या जन्मावर नव्हे, कृत्यांवर आधारलेली आहे, हा भेद मोठा आहे. तथापि ती कृत्ये न्यायालयात सिद्ध होण्यापूर्वीच, भावी वर्तनाच्या अंदाजावर, माणूस बंदिस्त होतो.