रात्री उशाशी फोन काय करत असतो?

पावसाळ्यात वळवणचं धरण काठोकाठ भरलं, तर लोणावळ्यात कुणी हळहळतं का? उलट ती पुढच्या महिन्यांची बेगमी असते. १९१५पासून टाटांच्या तलावांचं हे पाणी घाट उतरून खोपोलीच्या वीजकेंद्रात जातं आणि हवी तेव्हा वीज देतं. आता हातातला फोन पाहा. ‘रॅम भरली!’ असा लाल इशारा क्लीनर ॲप देतं आणि आपण घाबरून ‘बूस्ट’चं बटण दाबतो. पण भरलेली रॅम हे भरलेलं धरणच असेल तर?

तसंच आहे! रॅम म्हणजे उघडलेल्या ॲप्सची कामाची जागा. ती रिकामी ठेवली म्हणून बॅटरी वाचत नाही. मग ती मोकळी ठेवून मिळवायचं काय? म्हणून अँड्रॉइड ती मुद्दाम भरून ठेवतं. तळेगावला लोकलमध्ये बसताना तुम्ही नकाशा पाहिला, कामशेतपर्यंत व्हॉट्सॲप वाचलं, मळवलीला कॅमेरा उघडला. नकाशा अजून रॅममध्येच आहे, तुम्ही सोडला होता तिथेच! बोट लावा, क्षणात हजर.

आणि जागा कमी पडली तर? इथे थक्क व्हायची पाळी येते. फोन चालू असेपर्यंत प्रणाली प्रत्येक ॲपचं महत्त्व जोखत असते. पडद्यावर दिसणारं ॲप आणि गाणं वाजवणारं ॲप शेवटपर्यंत राखायचं. कधीपासून कुणी न पाहिलेलं आधी बाहेर काढायचं. त्याच्याही आधी, न लागणारा मजकूर रॅममध्येच दाबून लहान केला जातो. अँड्रॉइड १४मध्ये तर मागे गेलेली ॲप्स थोड्याच वेळात गोठवली जातात. ती रॅममध्ये असतात, पण प्रोसेसरचा एक क्षणही घेत नाहीत. जुन्या अँड्रॉइडवर क्लीनर नेमकी अशीच मागे पडून असलेली ॲप्स मारायचं. मग पुढच्या वेळी ती मुळापासून उभी करायची, म्हणजे वेळही जास्त आणि बॅटरीही!

प्रणाली घडवणाऱ्यांनी क्लीनरचं हे दार टप्प्याटप्प्याने बंद केलं. २०१७च्या अँड्रॉइड ८पासून साठवण (स्टोरेज) कमी पडली की जास्त पसारा केलेल्या ॲप्सची कॅश, म्हणजे तात्पुरत्या फायली, प्रणाली स्वतःच पुसते. २०२३च्या अँड्रॉइड १४पासून एका साध्या ॲपला दुसऱ्याची पार्श्वभूमीतली कामं बंदच करता येत नाहीत. आयफोन-आयपॅडवर प्रत्येक ॲप आपापल्या कुंपणात असतं, शेजाऱ्याच्या रॅमला त्याचा हात पोचत नाही. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. त्या यादीत क्लीन मास्टर आणि डीयू क्लीनरही होते. त्यांच्यावाचून कुणाचे फोन अडून बसले का?

मग काही फोन खरोखर संथ होतात ते का? त्यासाठी साठवणीच्या चिपमध्ये डोकवायला हवं. १२८ जीबी म्हणजे सुमारे एक लाख कोटी बिट! भुशी धरणावरचा तुमचा फोटो तिथे कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपात असतो. प्रत्येक कप्प्याभोवती विद्युतरोधक भिंत असते, तिला ना दार ना छिद्र. तरीही पुरेसा व्होल्टेज दिला की इलेक्ट्रॉन भिंतीपलीकडे पोचतात! क्वांटम भौतिकीचा हा चमत्कार आपल्या प्रत्येक सेल्फीमागे आहे. आणि फोन बंद केला तरी ते आत टिकून राहतात. १९८०च्या दशकात जपानमध्ये तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी ही फ्लॅश मेमरी घडवली.

तिची एक अट मात्र विलक्षण आहे. लिहिता येतं एकेक छोटं पान, पण पुसायचा तो शेकडो पानांचा अख्खा गठ्ठाच. शिवाय दर पुसण्यागणिक ती भिंत थोडी झिजते. म्हणून फोटो डिलीट केला तरी चिपमध्ये तो लगेच पुसला जात नाही. चिपमधला नियंत्रक कामाची पानं दुसरीकडे हलवतो, मग जुना गठ्ठा कोरा करतो. तेही झीज सगळीकडे सारखी वाटली जाईल अशा बेताने! या हलवाहलवीला रिकामी जागा लागते. साठवण गच्च भरली की नियंत्रकाची कोंडी होते आणि फोन अडखळतो.

२०१३मध्ये अँड्रॉइड ४.३ आलं आणि एक सुंदर सोय झाली. फोन चार्जिंगला लावून स्वस्थ पडलेला असला, की कोणती पानं आता निकामी झाली ते प्रणाली चिपला कळवते. तुम्ही गाढ झोपेत, आणि उशाशी झाडलोट चालू!

घाटात फोन संथ होण्याचं कारण वेगळं. राजमाचीच्या वाटेवर फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते. कारण मध्ये डोंगर आला की टॉवरपर्यंत पोचायला फोनला प्रक्षेपणाचा जोर वाढवावा लागतो. किती जोर लावायचा हे टॉवर त्याला सतत सांगतो. थ्रीजीच्या जाळ्यात तर सेकंदाला १,५०० वेळा! फार तापला की प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतो. रेंज नसलेल्या टप्प्यात एअरप्लेन मोड लावा. जीपीएस उपग्रहांचं फक्त ऐकतं, काही पाठवत नाही. त्यामुळे आधी उतरवून ठेवलेल्या नकाशावर बहुतेक फोन तेव्हाही तुमची जागा दाखवतात.

मग आपल्याकडे उरतं काय? फार थोडं. साठवणीत दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवायची. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ उघडलं की सर्वांत मोठे आणि वारंवार फॉरवर्ड झालेले व्हिडिओ समोर येतात. नको ते तिथूनच काढायचे. अपडेट टाळायचे नाहीत. कधीतरी फोन बंद करून सुरू करायचा. रात्री चार्जिंगला लावून त्याला स्वस्थ पडू द्यायचं. टॅबलेटलाही हेच लागू.

आणि क्लीनर ॲप? तेवढं मात्र आजच काढा. त्याने अडवलेली जागा त्या नियंत्रकाच्या कामी येईल.