एच.आय.व्ही.वरील पहिली औषधयोजना निष्फळ का ठरते?

शासकीय एआरटी केंद्रांतून भारतात एच.आय.व्ही.ची औषधे १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य मिळू लागली. तरीही काही रुग्णांत पहिलीच औषधयोजना निष्फळ ठरते. “गोळ्या नीट घेतल्या नसतील,” एवढे म्हणून विषय संपविला जातो. हे अर्धसत्य असून रुग्णावर अन्याय करणारे आहे, असे आम्हांस वाटते.

उपचार सहा महिने होऊनही एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या १००० हून अधिक प्रती आढळल्यास शंका घेतली जाते. समुपदेशन करून साधारण तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा होते व मगच निष्कर्ष काढला जातो. दिसण्यात धडधाकट असलेल्या माणसातही विषाणू वाढत असू शकतो.

उपचाराविना शरीरात दररोज अब्जावधी विषाणू जन्मतात आणि त्यांच्या रचनेत सतत बदल होतात. एका औषधातून निसटलेला विषाणू दुसऱ्यात सापडावा, म्हणून तीन औषधे एकत्र दिली जातात. पूर्वीच्या योजनेतील नेव्हिरापिन व इफाव्हिरेन्झ रक्तात दीर्घकाळ रेंगाळत, सोबतची औषधे मात्र लवकर उतरत. खंड पडला की विषाणूची गाठ एकट्या औषधाशी पडे. त्याला निकामी करण्यास एकच जनुकीय बदल पुरे. प्रसूतीच्या वेळी मातेस नेव्हिरापिनची एकच मात्रा देण्याच्या जुन्या पद्धतीने अनेक बालके वाचली, परंतु काही मातांच्या पुढील उपचारांत तीच आड आली. देशात २०२० च्या सुमारास पहिल्या औषधयोजनेत आलेले डोल्युटेग्राव्हिर याबाबतीत पुष्कळच भक्कम आहे. अर्थात गोळी नियमित पोटात गेली तर.

ती का जात नाही, हे घराघरांत वेगळे असते. सासरी कळू नये म्हणून सून गोळ्या धान्याच्या डब्यात लपविते. दिवाळीनंतर बीडकडील ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात जातात आणि केंद्र शेकडो किलोमीटर मागे राहते. जन्मतः बाधित मुलास गोळी कशासाठी, हे कोणी सांगितलेलेच नसते; वयात आल्यावर ते ती टाकून देते. मद्यपान व नैराश्य यांचीही भर पडते. गोळ्या अशा रीतीने चुकणे हेच अपयशाचे सर्वांत मोठे कारण आहे. आजार बळावल्यावर, सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेल्यावर उपचार सुरू होणे हाही मोठा धोका. २०१७ पासून पेशींची संख्या न पाहता सर्वांना उपचार देण्याचे धोरण आहे, पण निदानच उशिरा झाले तर त्याचा लाभ कसा मिळणार?

कधी रुग्णाची कसूर मुळीच नसते. क्षयावरील रिफाम्पिसिनमुळे यकृत डोल्युटेग्राव्हिरचा निचरा वेगाने करते. म्हणून त्या काळात ते दिवसातून दोनदा द्यावे लागते. आम्लपित्तावरील काही गोळ्या ते आतड्यात शोषूच देत नाहीत. अशी गोळी घ्यायची असेल, तर डोल्युटेग्राव्हिर तिच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे. पूर्वी खाजगीरीत्या घेऊन सोडलेले उपचार सांगावयाचे राहिले, तरी औषधांची निवड चुकते.

औषधे शासन देते. फेरीत बुडालेली मजुरी, सोबत्याचा प्रवासखर्च व समुपदेशकाचा वेळ यांची तरतूद देणग्यांतून होऊ शकते. नातेवाइकांनी तपासणीस येताना रुग्णाच्या घरातील सर्व औषधे, काढे व चूर्णांसह, एका पिशवीत घालून आणावीत आणि मागील कागदपत्रे फेकून देऊ नयेत.