आधी पूर्वसंमती, मग खरेदी

ठिबकचे पाइप आणून रानात अंथरायचे, पाणी सोडून बघायचे आणि मग बिल घेऊन अनुदान मागायला जायचे, असे अनेक शेतकरी अजूनही करतात. इथेच हक्काचे पैसे हातचे जातात. योजनेचा क्रम नेमका उलटा आहे: अर्ज, निवड, कागदपत्रांची छाननी, पूर्वसंमती आणि त्यानंतरच खरेदी. पूर्वसंमतीच्या आधीचे बिल चालत नाही.

रक्कम लहान नाही. ठिबक-तुषारसाठी केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के अनुदान आहे. महाराष्ट्र शासन मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून त्यात भर घालते आणि एकूण आकडा अनुक्रमे 80 आणि 75 टक्क्यांपर्यंत जातो. मात्र ही टक्केवारी शासनाने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर मोजतात. दुकानदाराचे बिल त्याहून जास्त असेल, तर वरचा सगळा भार शेतकऱ्यावर पडतो.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. शुल्क 23 रुपये 60 पैसे. पूर्वी तिथे लॉटरी निघायची, 2025 पासून ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ हे धोरण आले. त्यामुळे लवकर अर्ज करण्याला आता खरा अर्थ आहे. त्याच वर्षापासून शेतकरी ओळख क्रमांकही सक्तीचा झाला.

अर्ज अडकतो तो बहुधा साध्या गोष्टींवर. आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरे. जमीन सामाईक, पण भावांचे संमतीपत्र नाही. बँकेत खाते आहे, पण ते आधारशी जोडलेले नाही, आणि अनुदान तर थेट आधार-संलग्न खात्यातच येते. या दुरुस्त्यांसाठी तलाठी कार्यालयात आणि बँकेत वेळ जातो. म्हणून त्या अर्जाआधीच उरकलेल्या बऱ्या.

शेतीबाहेरही योजना आहेत, आणि तिथले गणित वेगळे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, 2008 पासून सुरू झाला. तो नव्या उद्योगासाठी आहे, चालू धंदा त्यात बसत नाही. समजा, ग्रामीण भागातल्या एका महिलेने 10 लाखांचा मसाला उद्योग काढायचे ठरवले. तिने स्वतःचे 5 टक्के, म्हणजे 50 हजार घालायचे. बाकी साडेनऊ लाख बँक देते. अनुदान 35 टक्के, म्हणजे साडेतीन लाख. पण ते तिच्या हातात येत नाही. ते बँकेत तिच्या नावाने ठेव म्हणून राहते, आणि तीन वर्षांनी, उद्योग चालू असल्याची पडताळणी झाली की कर्जात वळते होते. धंदा मध्येच बंद पडला, तर हे पैसेही गेले.

चालू असलेल्या पापड-लोणच्याच्या उद्योगासाठी केंद्राने 2020 मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आणली. वैयक्तिक उद्योगाला त्यात 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान ठरले. प्रकल्प अहवाल आणि बँक प्रस्तावासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमण्याची सोयही त्यातच केली. कितीतरी अर्जदारांना याची कल्पना नसते, आणि जी मदत योजनेतच ठेवलेली आहे, तिच्यासाठी ते एजंटाला टक्केवारी मोजतात.

कोणती योजना आपल्याला लागू पडते, हे शोधायला केंद्राचे ‘मायस्कीम’ हे संकेतस्थळ 2022 पासून आहे. वय, राज्य, उत्पन्न, प्रवर्ग भरला की पात्रतेप्रमाणे यादी समोर येते. त्यानंतर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: या वर्षी या योजनेला निधी आहे का, अनुदान खर्चाआधी मिळते की नंतर, आणि मधल्या काळात लागणारा पैसा कुठून उभा करायचा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरातल्या हिशोबात बसत नसेल, तर प्रकल्प लहान करून अर्ज भरता येतो. पाच एकरांऐवजी दोन एकरांच्या ठिबकालाही टक्केवारी तीच मिळते.