रेगेन्सबुर्गचे व्याख्यान आणि त्याचे पडसाद

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 12 सप्टेंबर 2006 रोजी जर्मनीतील रेगेन्सबुर्ग विद्यापीठात दिलेले व्याख्यान मुळात इस्लामविषयी नव्हते, याचा विसर पुढे उसळलेल्या वादात बहुतेकांना पडला. पोपपदावर येण्यापूर्वी, योझेफ राट्झिंगर या नावाने, त्यांनी याच विद्यापीठात ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवले होते. तेथील अभ्यासकांपुढे ते श्रद्धा आणि विवेकबुद्धी यांच्या नात्याविषयी बोलत होते, आणि त्यांच्या टीकेचा मुख्य रोख प्रयोगाने पडताळता येईल तेवढ्यालाच ज्ञान मानणाऱ्या आधुनिक युरोपीय विचारावर होता. मात्र विषयप्रवेशासाठी त्यांनी बायझंटाईन साम्राज्याचा, म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपल राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्याचा, सम्राट मॅन्युएल दुसरा पालेओलोगस याने एका विद्वान पर्शियन गृहस्थाशी केलेल्या चौदाव्या शतकाच्या अखेरीच्या संवादाचा आधार घेतला. मुहंमद पैगंबरांनी नवे असे जे आणले ते केवळ दुष्ट आणि अमानुष होते, आणि तलवारीने धर्मप्रसार करण्याची आज्ञा हा त्याचा पुरावा आहे, अशा अर्थाचे त्या सम्राटाचे विधान पोपनी उद्धृत केले. ज्या राज्याभोवती ऑटोमन तुर्कांचा फास आवळत चालला होता त्याच्या राजाने असे बोलावे यात नवल नाही. परंतु सहाशे वर्षांनंतर ते विधान एक अब्जाहून अधिक कॅथलिकांच्या धर्मगुरूच्या तोंडून आले, तेव्हा ते केवळ ऐतिहासिक अवतरण राहणे शक्यच नव्हते. प्राध्यापकाला जे स्वातंत्र्य असते ते पोपला नसते, हे भान त्या दिवशी सुटले असे म्हणावे लागते.

त्यानंतर जे घडले त्याला ‘मुस्लिम जगताची प्रतिक्रिया’ असे एकच नाव देण्यात आले, पण त्यात परस्परांहून अगदी निराळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या गेल्या. व्याख्यान मंगळवारी झाले आणि निषेधाला खरा जोर चढला तो शुक्रवारी, म्हणजे सामुदायिक नमाजाच्या दिवशी. त्याच दिवशी पाकिस्तानच्या नॅशनल असेंब्लीने एकमताने निषेधाचा ठराव केला. मोरोक्कोने व्हॅटिकनमधील आपला राजदूत माघारी बोलावला. तुर्कस्तानातील धार्मिक व्यवहारांच्या सरकारी विभागाचे प्रमुख अली बार्दाकोग्लू यांनी पोपनी शब्द मागे घेऊन क्षमा मागावी अशी मागणी केली. डेन्मार्कमध्ये छापलेल्या मुहंमद पैगंबरांच्या व्यंगचित्रांवरून झालेला उद्रेक अवघ्या काही महिन्यांपूर्वीचा होता आणि इराकमधील युद्ध चालूच होते, त्यामुळे या विधानाकडे पश्चिमेकडून आलेला आणखी एक अपमान म्हणून पाहिले जाणे अटळ होते. सरकारांना देशांतर्गत लोकमतही सांभाळायचे होते. पश्चिम किनाऱ्यावरील नाब्लुस शहरात चर्चवर आगीचे बाँब टाकण्यात आले. त्यांपैकी काही चर्च अँग्लिकन आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथांची, म्हणजे पोपचा अधिकारच न मानणाऱ्यांची होती. 17 सप्टेंबरला सोमालियाची राजधानी मोगादिशू येथे परिचारिकांना प्रशिक्षण देणाऱ्या इटालियन नन सिस्टर लिओनेल्ला स्गोर्बाती यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले आणि या हत्येचा संबंध अनेकांनी व्याख्यानावरील संतापाशी जोडला. संसदेतील ठराव, राजदूताची माघार आणि शस्त्रधाऱ्याची गोळी यांना एकाच समुदायाच्या मनःस्थितीच्या चढत्या पायऱ्या समजणे ही विश्लेषणातील ढोबळ चूक आहे. त्यांचे कर्ते वेगळे, हेतू वेगळे आणि जबाबदारीही वेगळी.

व्हॅटिकनचा प्रतिसाद टप्प्याटप्प्याने आला. प्रथम प्रवक्त्यांचे स्पष्टीकरण, मग नव्याने परराष्ट्र व प्रशासनाची सूत्रे घेतलेल्या कार्डिनल बेर्तोने यांचे निवेदन, आणि 17 सप्टेंबरला, रविवारच्या माध्यान्ह प्रार्थनेच्या वेळी, स्वतः पोपचे वक्तव्य. काही देशांत उमटलेल्या प्रतिक्रियांबद्दल आपल्याला अतिशय खेद वाटतो आणि उद्धृत मजकुरात आपले वैयक्तिक मत नाही, असा त्याचा आशय होता. खेद प्रतिक्रियांबद्दल होता, शब्दांबद्दल नव्हता, हे टीकाकारांच्या नजरेतून सुटले नाही, आणि सुटायचे कारणही नव्हते. पुढे व्याख्यान छापताना सम्राटाची भाषा आपल्याला अस्वीकारार्ह वाटते असा खुलासा मजकुरात आणि आपण त्या मताशी सहमत नाही अशी टीप तळाशी जोडण्यात आली. मूळ भाषणात ही दोन वाक्ये असती तर बराच अनर्थ टळला असता, असे मानायला जागा आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस ठरल्याप्रमाणे पोप तुर्कस्तानला गेले आणि इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत तेथील मुफ्तींच्या, म्हणजे इस्लामी धर्मकायद्यावर अधिकृत मत देणाऱ्या विद्वानाच्या, शेजारी मक्केकडे तोंड करून काही क्षण मूक उभे राहिले.

मात्र या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची प्रतिक्रिया ना रस्त्यावर उमटली ना संसदेत. व्याख्यानानंतर सुमारे एका महिन्याने, निरनिराळ्या देशांतील आणि पंथांतील 38 मुस्लिम विद्वानांनी पोपना खुले पत्र लिहिले. त्यांनी मोगादिशूमधील हत्येचा निषेध केला, पोपच्या खुलाशाचे स्वागत केले आणि मग मूळ मजकुराची तपासणी केली. धर्मात सक्ती नाही असे सांगणारे कुराणवचन, मुहंमद पैगंबर दुबळे असतानाच्या आरंभीच्या काळातले असावे, असे पोपनी तज्ज्ञांच्या हवाल्याने म्हटले होते. ते वचन मदिनेच्या काळातले, म्हणजे मुस्लिमांचे राजकीय बळ वाढू लागल्यानंतरचे आहे, हे पत्राने दाखवून दिले. इस्लाममधील ईश्वर विवेकाच्याही पलीकडचा आहे हे सांगण्यासाठी पोपनी इब्न हज्म या अंदलुसियातील, म्हणजे मुस्लिम राजवटीखालील स्पेनमधील, विचारवंताकडे बोट दाखवले होते. त्याचे मत इस्लामी परंपरेचे प्रातिनिधिक मत नव्हे, हेही त्यात आले. विवेकाची बाजू मांडणाऱ्या व्याख्यानाला विवेकानेच दिलेले हे उत्तर होते, आणि चर्च जाळणाऱ्यांनी जे कधीच साधले नसते ते त्याने साधले. वर्षभरानंतर, ऑक्टोबर 2007 मध्ये, 138 विद्वानांनी ईश्वरावरील आणि शेजाऱ्यावरील प्रेम हा दोन्ही धर्मांचा समान पाया मानणारे दुसरे पत्र प्रसिद्ध केले, आणि त्यातून नोव्हेंबर 2008 मध्ये रोम येथे कॅथलिक-मुस्लिम मंचाची पहिली बैठक भरली. व्हॅटिकननेही 2006 मध्ये सांस्कृतिक परिषदेच्या अध्यक्षांच्याच हाती सोपवलेल्या आंतरधर्मीय संवाद परिषदेला 2007 मध्ये पुन्हा स्वतंत्र अध्यक्ष दिला.

तरीही हा प्रवास सरळ नव्हता. 2011 च्या पहिल्याच दिवशी इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहरात कॉप्टिक, म्हणजे तेथील प्राचीन ख्रिस्ती पंथाच्या, चर्चबाहेर स्फोट झाला आणि पोपनी मध्यपूर्वेतील ख्रिश्चनांच्या संरक्षणाची मागणी केली, तेव्हा कैरोच्या अल-अझहर या सुन्नी इस्लामच्या अत्यंत प्रतिष्ठित विद्यापीठाने त्या वक्तव्याबरोबरच पोपच्या इस्लामविषयक पूर्वीच्या विधानांकडेही बोट दाखवून व्हॅटिकनशी संवाद स्थगित केला. या वेळी पोपचे म्हणणे पीडितांच्या बाजूचे होते, पण ते रेगेन्सबुर्गच्या स्मृतीतून ऐकले गेले. अल-अझहरचे प्रमुख अहमद अल-तय्यब व्हॅटिकनमध्ये आले ते थेट मे 2016 मध्ये, तेही बेनेडिक्ट यांच्या निवृत्तीनंतर, पोप फ्रान्सिस यांच्या भेटीला.